जबाबदारी, जाब आणि जोखीम

प्रश्न असा आला आहे: "आमच्या कंपनीत 'अकाउंटेबिलिटी'बद्दलचं परिपत्रक मराठीत काढायचंय. जबाबदारी, उत्तरदायित्व की जबाबदेही? आणि 'या यशाला आमचे टीम लीडर जबाबदार आहेत' हे वाक्य चालेल का?"

शेवटचं आधी घेतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. यशाला कुणी जबाबदार नसतं. यशाचं श्रेय असतं, यश कुणामुळे तरी मिळतं. जबाबदार हा अपघाताला, तुटीला, चुकीला. बक्षीस समारंभात हे वाक्य म्हणणाऱ्याने समोरच्या माणसाला नकळत आरोपी केलेलं असतं.

आता तीन शब्द. अरबी 'जवाब'ला फारसी 'दार' लागला की जबाबदार, म्हणजे उत्तर बाळगणारा. दुकानदार, ठाणेदारातला तोच दार. 'देही' म्हणजे देणं, त्यामुळे जबाबदेही म्हणजे उत्तर देणं. ती हिंदी बातम्यांतून आपल्याकडे आली आहे. उत्तरदायित्व म्हणजे तीच जबाबदेही संस्कृत कपड्यांत, 'दायी' म्हणजे देणारा. हा शब्द 'शुद्ध' म्हणून पुढे करणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. ज्या शब्दाने कुणी कधी कुणाला हटकलं नाही, तो परिपत्रकात घालून काय होणार? आपल्याकडे त्याच जवाबाचा झिजून झिजून झालेला अस्सल शब्द आहे: जाब. तमाशात सवाल-जवाब, पोलिसांत जबाब आणि कामात जाब. एका शब्दाचे तीन झाले आणि तिघांनी आपापली जागा धरली.

जबाबदारी सोपवता येते, जाब सोपवता येत नाही. मी बँकेत कॅशला होतो. तिजोरीला दोन किल्ल्या, एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. एकदा आमचे अधिकारी आपली किल्ली कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये टाकून लग्नाला गेले. संध्याकाळी रोकड जुळेना. किल्ली देऊन साहेब मोकळे झाले नव्हते. जाब दोघांनाही द्यावा लागला, आणि साहेबांना जास्त.

पण या कुटुंबातला खरा राजा शब्द वेगळाच आहे, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही: जोखीम. आज तो नुसता 'धोका' होऊन बसलाय. माझी आत्या लग्नाला निघाली की पाटल्या रुमालात बांधून कमरेला खोचायची आणि एसटीत आम्हा पोरांच्या कानात सांगायची, "जवळ जोखीम आहे, झोपू नका रे." जोखीम म्हणजे त्या पाटल्या! सांभाळायची वस्तू, आणि ती सांभाळण्याची धास्ती, दोन्हीला एकच शब्द.

काही जण हा शब्द 'जोखणे'वरून आला म्हणून सांगतात. तोलून-मापून पत्करायची ती जोखीम, म्हणे. मग तो 'ईम' कुठला? मोजण्याची मोजणी होते, पेरण्याची पेरणी होते. मराठी धातूला 'ईम' लावून झालेलं एक तरी नाम दाखवा. माझ्या मते जोखीम सरळ योगक्षेमातून आली. योगीचा जोगी झाला, यात्रेची जत्रा झाली, तसा योगचा जोग. रक्षणातून राखणं आलं, तसा क्षचा ख. जोगखेम, जोखेम, जोखीम.

अर्थाचा पूलही शाबूत आहे. योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात सांगितलंय की खरेदी-विक्री, वाटेचं अंतर, खाण्यापिण्याचा आणि वरचा खर्च, शिवाय योगक्षेम, हे सारं पाहून राजाने व्यापाऱ्यावर कर बसवावा. इथे योगक्षेम चक्क खर्चाच्या यादीत आहे! लुटारूंच्या वाटेवरून माल सुखरूप न्यायचा खर्च, दुसरं काय? सुरक्षेच्या खर्चाचा शब्द हळूहळू ज्याच्यासाठी तो खर्च करायचा त्या भयाला चिकटला. एलआयसीचं ब्रीदवाक्य गीतेतलं 'योगक्षेमं वहाम्यहम्' आहे, मुंबईत त्यांच्या मुख्यालयाच्या इमारतीचं नावही योगक्षेम. विमा म्हणजे जोखमीचाच धंदा. माझ्या दृष्टीने शब्द फिरून घरी आला.

आणि 'वहामि' पाहा: वाहतो, स्वतः उचलून नेतो. लोकांचा योगक्षेम वाहणं हेच कौटिल्यापासून राजाचं काम. ज्याला माणसं सांभाळायची आहेत त्याने त्यांच्या कामाला लागेल ते आणून द्यायचं आणि झालेलं राखायचं. हे न करता वर्षाअखेरीच्या बैठकीत 'ओनरशिप घ्या' म्हणणाऱ्या साहेबांचा मला मनापासून राग येतो.

तर परिपत्रक. काम नेमून द्यायचं तिथे 'जबाबदारी' लिहा. हिशेब मागायचा तिथे 'अमुक कामाचा जाब अमुक पदावरची व्यक्ती देईल' असं सरळ वाक्य लिहा, आणि त्या यादीत साहेबांचं पद सगळ्यात वर ठेवा. जबाबदेही मात्र काढून टाका.