आमटीतला गूळ आणि साठ युनिटं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रविवारी रात्री आला. गणिताच्या फॅकल्टी डिसिप्लिन रिव्ह्यू ग्रुपसाठी, म्हणजे राज्यभराचे गणिताचे कोर्स तपासणाऱ्या प्राध्यापकांच्या गटासाठी, तुझं नाव पुढे गेलंय आणि तू विचारतेस, "हे नक्की काय काम असतं, आणि हो म्हणू का?" फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी भरकटते. पत्रात निदान मागे जाऊन खोडता येतं.

हो म्हण. आता बाकीचं.

तू पुण्यात शिकलीस, मी सांगलीत. आपल्या दोघींच्या डोक्यात अभ्यासक्रम ही वरून येणारी गोष्ट. विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवणार, संलग्न कॉलेजं मुकाट राबवणार आणि आपण स्टाफरूममध्ये चहा पीत मंडळाला नावं ठेवणार. कॅलिफोर्नियात गंगा उलटी वाहते. इथे 1988 च्या एबी 1725 कायद्यानं कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारी ही सरकारी कॉलेजं) अभ्यासक्रमाबाबत मुख्य शब्द प्राध्यापकांचा, त्यांच्या अॅकॅडेमिक सिनेटचा, हे पक्कं करून टाकलं. त्यामुळे 116 कॉलेजं आणि प्रत्येकाचा आपापला कॅल्क्युलस. एकाकडे तो 4 युनिटांचा (युनिट म्हणजे आपलं क्रेडिट), शेजारच्या गावात 5 युनिटांचा. काही कॉलेजं सेमिस्टरवर, काही अजून क्वार्टरवर, म्हणजे तिथे 60 युनिटांची 90 होतात. तिकडे सगळ्यांना एकाच मापाचे कपडे म्हणून आपण कुरकुरायचो. इथे प्रत्येकाचा शिंपी वेगळा, आणि गोची होते ती कॉलेज बदलणाऱ्या पोराची.

असं एक पोर मी पाहिलंय. 2007 च्या आसपासची गोष्ट. रात्री गोदामात काम करून सकाळी साडेसातच्या माझ्या वर्गाला येणारा मुलगा. लिनिअर अल्जेब्रात चांगला बी मिळवून तो चार वर्षांच्या विद्यापीठात गेला, आणि ऑक्टोबरात माझ्या ऑफिसच्या दारात उभा. हातात ट्रान्स्क्रिप्टची प्रिंट, तिला घडी घालून घालून मधोमध चीर पडलेली. तिथल्या विभागानं सांगितलं होतं, हा कोर्स आमच्यासारखा नाही, पुन्हा कर. मी आमचा कोर्स आउटलाइन, म्हणजे कोर्सचं अधिकृत वर्णन, काढला, त्यांचा काढला, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. फरक होता तो प्रकरणांच्या क्रमाचा. मी पत्र लिहिलं, उत्तर यायला सहा आठवडे लागले, तोवर सेमिस्टर संपत आली होती. त्यानं कोर्स पुन्हा केला. या वेळी ए मिळाला, म्हणून मला सांगायलाही आला. मला आनंद मानावा की रडावं कळेना.

2010 साली सिनेट बिल 1440 आलं ते अशाच पोरांसाठी. अॅलेक्स पडिया तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होते, बिल त्यांचं. त्यातून असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर निघाली. हिशेब सरळ: कम्युनिटी कॉलेजात 60 सेमिस्टर युनिटं, मग कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत (सीएसयू) तिसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि तिथे मिळत्याजुळत्या विषयात आणखी 60 मध्ये पदवी. केलेला कोर्स पुन्हा करायला लावायचा नाही. कम्युनिटी कॉलेजांनाही ताकीद मिळाली की या डिग्रीवर स्थानिक अटी लादायच्या नाहीत. पूर्वी कोणी पीटी मागायचं, कोणी आणखी काही. (हमी सीएसयूत जागेची आहे, हव्या त्या कॅम्पसची नाही. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगत जा.)

पण "मिळतंजुळतं" म्हणजे काय, हे आमदार ठरवू शकत नाहीत. ते तुम्ही ठरवायचं. सीएसयूचे आणि कम्युनिटी कॉलेजांचे त्या विषयाचे प्राध्यापक एका टेबलाशी बसून दोन गोष्टी करतात. एक, ट्रान्स्फर मॉडेल करिक्युलम, म्हणजे त्या विषयाच्या डिग्रीचा सांगाडा. आणि दुसरी, सी-आयडी डिस्क्रिप्टर, म्हणजे एकेका कोर्समध्ये किमान काय हवं याचं वर्णन. मसुदा राज्यभरातल्या प्राध्यापकांपुढे अभिप्रायासाठी जातो आणि पक्का झाला तरी साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा तपासायचा असतो. तुझी पाळी त्या तपासणीची.

पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणेल, "आजच्या काळात प्रोग्रॅमिंगशिवाय गणिताची डिग्री कशी?" माना डोलतील. तुझीही डोलेल, माझी डोलली होती. तेव्हा वही काढ आणि बेरीज मांड. सामान्य शिक्षणाचा कॅल-जेटसी पॅटर्न 34 युनिटं. कॅल्क्युलसचे तीन कोर्स, 5 युनिटं देणाऱ्या कॉलेजात 15. डिग्रीच्या यादीतले गणिताचे आणखी दोन कोर्स, धर चार-चार, 8. झाली 57. गणिताची 3 दोन्हीकडे मोजता येतात, म्हणजे 54. उरली 6. त्यात 4 युनिटांचं प्रोग्रॅमिंग सक्तीचं केलं तर 2 उरतात आणि लगेच दुसरा कोणी म्हणतो, मग डिस्क्रीट मॅथ का नको? तिची 3. गेलीस एकानं वर. एबी 928 कायद्यानं विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना सबळ कारण दाखवून 66 पर्यंत जायची मुभा दिली आहे, पण मुभा म्हणजे दिवाळीचा बोनस नव्हे. ती 6 युनिटं कोणाचं तरी अख्खं अर्धं सेमिस्टर असतं, गोदामातली रात्रपाळी सांभाळून काढलेलं.

माझ्या त्या पहिल्या बैठकीत एक बाई होत्या, उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या लहान कॉलेजच्या. तासभर काही बोलल्या नाहीत. मग इतकंच म्हणाल्या, "आमच्याकडे कॅल्क्युलस थ्रीला सात मुलं असतात. लिनिअर अल्जेब्रा आम्ही एक वर्षाआड लावू शकतो. तुम्ही जे जे सक्तीचं कराल, तेवढी वर्षं माझ्या मुलांची डिग्री लांबेल." पाचशे मुलांच्या विभागात बसून यादीत ओळ वाढवणाऱ्यांना ती सात मुलं दिसत नाहीत, मलाही दिसली नव्हती. त्या दिवशी प्रोग्रॅमिंग निवडीच्या यादीत राहिलं. मला आजही ते बरोबर वाटतं, तुझ्या विभागातल्या कित्येकांना वाटणार नाही. भांडा, पण बेरीज समोर ठेवून.

आता आउटलाइन तपासण्याचं. हे जास्त किचकट, आणि माझी फजिती झाली ती इथेच, म्हणून जरा लांबवते.

कॉलेजची आर्टिक्युलेशन ऑफिसर, म्हणजे आपले कोर्स इतर विद्यापीठांत मानले जावेत हे बघणारी अधिकारी, आउटलाइन पाठवते, दोन्ही बाजूंचे तपासनीस तो डिस्क्रिप्टरशी ताडून बघतात. मंजूर, सशर्त मंजूर, नामंजूर. मी नवीन होते तेव्हा एका लहान कॉलेजचा स्टॅटिस्टिक्सचा आउटलाइन माझ्याकडे आला. मी एका बैठकीत अकरा शेरे मारले. पुस्तक जुनाट आहे. प्रोजेक्ट नाही. प्रोबॅबिलिटीला एवढा वेळ कशाला. ग्राफिंग कॅल्क्युलेटर कोण वापरतं आता. लाल पेन हातात आला की मास्तरणीच्या अंगात येतं, तसं झालं होतं माझं. आमच्या गटाच्या प्रमुखांनी माझे शेरे छापून मला परत दिले आणि म्हणाले, "यातले कुठले डिस्क्रिप्टरमध्ये आहेत, त्यापुढे खूण करा." दोन निघाले. उरलेले नऊ माझ्या आवडीनिवडी होत्या.

आमच्या घरी आमटीत गूळ पडतो. सासरी पडत नसे. पहिल्या दिवाळीत मी सासूबाईंना म्हणाले होते की ही आमटी नव्हे, आणि त्यानंतर काय झालं ते तुला ठाऊक आहे. डिस्क्रिप्टर आमटी मागतो. डाळ शिजलेली हवी, फोडणी हवी, आंबटपणा हवा. गुळाचं ज्याचं त्यानं बघावं. शेरा लिहिण्याआधी विचार: हे त्यात छापलंय, की माझ्या घरचं आहे?

पण याचा अर्थ डोळे मिटून शिक्का मारायचा असा नाही. दुसऱ्या टोकालाही लोक जातात, विशेषतः आपल्यासारखे, ज्यांना कोणाचं मन मोडवत नाही. एकदा लिनिअर अल्जेब्राचा एक आउटलाइन आला. देखणा. व्हेक्टर स्पेस, आयगेनव्हॅल्यू, ऑर्थोगोनॅलिटी, सगळे विषय ओळीनं. सहतपासनीसानं मंजूर लिहून टाकलं होतं. मी उद्दिष्टांची क्रियापदं वाचत गेले: काढा, सोडवा, शोधा, काढा. "सिद्ध करा" कुठेच नव्हतं. नमुन्याच्या परीक्षाप्रश्नांतही नाही. डिस्क्रिप्टरमध्ये सिद्धता लिहिता येणं स्पष्ट मागितलंय. तो कोर्स घेऊन गेलेली मुलगी तिसऱ्या वर्षी अॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रात पहिल्याच आठवड्यात बुडाली असती, आणि तेव्हा तिला कोणी सांगितलं नसतं की बाळा, चूक तुझी नाही, एका क्रियापदाची आहे. आम्ही सशर्त मंजूर केला आणि काय वाढवायचं ते तीन ओळींत लिहिलं. पुढच्या खेपेला दुरुस्त होऊन आला. तेव्हा विषयांची यादी भराभर वाच, ती सगळे एकमेकांची बघून लिहितात. थांबायचं क्रियापदांवर आणि नमुन्याच्या प्रश्नांवर.

शेरा लिहिताना समोर कोण आहे ते आठव. बहुतेक वेळा दोन-तीन जणांच्या विभागातला एक मास्तर, पाच कोर्स शिकवून रात्री अकराला हा फॉर्म भरणारा. "अपुरं आहे" असं लिहून पाठवलंस तर तो बिचारा काय करणार? "उद्दिष्ट क्रमांक 6 मध्ये अमुक घाला" असं लिही. आणि तुमच्या कॉलेजच्या आर्टिक्युलेशन ऑफिसरशी आत्ताच ओळख वाढव. कुठल्या विद्यापीठाचा कुठला विभाग कुठल्या शब्दाला अडतो, हे त्या बाईंना तोंडपाठ असतं, आणि त्यांना बैठकीला बोलवायचं कोणालाच सुचत नाही.

तू कॉमन कोर्स नंबरिंगचंही, म्हणजे सारख्या कोर्सला सगळ्या कॉलेजात एकच क्रमांक देण्याचंही, विचारलंयस, की त्यासाठीचा एबी 1111 कायदा आल्यावर या सगळ्याची गरज काय उरली. 2025 च्या फॉलपासून पहिले कोर्स नव्या क्रमांकांवर गेले, स्टॅटिस्टिक्स आता सगळीकडे स्टॅट सी1000. आउटलाइनचा पहिला भाग सगळ्या कॉलेजात शब्दशः तोच, दुसरा भाग कॉलेजचा स्वतःचा. थोडक्यात, गुळासाठी वेगळा रकाना केलाय. मला योजना आवडते, पण घाईनं राबवल्याची माझी तक्रार आहे आणि ती मी जिथे सांगायची तिथे सांगितली आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की तो पहिला भागही प्राध्यापकच बसून लिहितात. तिथे शब्द चुकला तर आता एका कॉलेजात नाही, सगळ्या राज्यात चुकतो.

भावाची मुलगी परवा कोल्हापूरहून विचारत होती, तिकडे मुलांची क्रेडिटं जमा ठेवणारी अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आहे, मग कॉलेज बदललं तर क्रेडिटं धरतील ना? मी म्हटलं, बँकेत जमा होणं वेगळं आणि समोरच्या विभागानं मानणं वेगळं. ती म्हणाली, आत्या, हो की नाही ते सांग. मला सांगता आलं नाही.

पहिल्या वर्षी बैठकीत कमी बोल, हे मी तुला सांगणार नाही. मला तसं सांगितलं होतं आणि त्यात एक वर्ष फुकट गेलं. बोल, उच्चाराची काळजी करू नकोस. फक्त ज्या दिवशी तुझ्याच कॉलेजचा आउटलाइन चर्चेला येईल, त्या दिवशी बाजूला हो. कोणी सांगेपर्यंत थांबू नकोस.

माझ्याकडे जुन्या डिस्क्रिप्टरच्या दोन फायली आहेत, तेव्हाच्या वादांसकट, समासात माझ्या अक्षरात बरंच काही खरडलेलं. त्यातलं काही वाचून हसशील, एक-दोन जागी माझा रागही येईल. शनिवारी साडेचारनंतर ये आणि घेऊन जा. येताना तुमचा लिनिअर अल्जेब्राचा आउटलाइन छापून आण, क्रियापदं बघू.

तुझी,
मावशी