हळदीच्या घरातला हिरवा

बारावीच्या जीवशास्त्राची मराठी टिपणं काढणाऱ्या एका शिक्षिकेनं विचारलंय: अंधारात उगवलेल्या गव्हाच्या रोपात 'हरितद्रव्याचा पूर्वगामी' असतो, असं 'प्रिकर्सर'साठी लिहिलं तर चालेल का? आणि रोप पिवळंधमक असताना 'हरित' म्हणणं विचित्र नाही का वाटत?

'पूर्वगामी' मला खटकतो. तो आधी जाऊन गेलेला. त्याच्यामागून दुसरा आला. इथे कुणी जात नाही, दुधाचं दही व्हावं तसं एकाचंच दुसरं होतं. दुधाला दह्याचं पूर्वगामी कोण म्हणेल? 'पूर्वद्रव्य' म्हणा. 'पूर्वरूप' छान होता, पण तो आयुर्वेदानं आणि व्याकरणानं आधीच उचललाय.

हे 'होणं' आमच्या नारायण पेठेतल्या बिनखिडकीच्या देवघरात दरवर्षी दिसतं. घटाच्या परडीतला गहू दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतो, पण पिवळाच. तो रंग कॅरोटिनॉइडांचा, म्हणजे पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांचा. पूर्वद्रव्य, म्हणजे प्रोटोक्लोरोफिलाइड, पानात चिमूटभर. त्याला पुढे नेणारं विकर (एन्झाइम) प्रकाशाशिवाय कामच करत नाही. उजेड पडला की निमिषात त्या रेणूला दोन हायड्रोजन जोडले जातात, क्लोरोफिलाइड तयार होतं, आणि फायटॉल नावाच्या लांब साखळीची शेपटी लागली की झालं हरितद्रव्य. डोळ्यांना मात्र लगेच काही दिसत नाही, साठाच एवढासा. नवा माल बनत जावा लागतो. गेल्या दसऱ्याला तुरे काढून उरलेली परडी सकाळी गॅलरीत ठेवली. जेवणं होईतो फारसा फरक नव्हता. संध्याकाळी सोनं वाटून परतलो तर सगळी पाती पोपटी. (पाइनची रोपं अंधारातही हिरवी होतात, तेव्हा टिपणात 'सर्व वनस्पती' लिहू नका.)

प्रयोगशाळेत अशी रोपं हाताळताना मंद हिरवा दिवा लावतात. पूर्वद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं, हिरवा फारसा नाही. रोप हिरवं होऊ नये म्हणून हिरवा दिवा!

आता 'हरित'. संस्कृतात हा शब्द पिवळ्यालाही चालतो. ऋग्वेदात सूर्याच्या रथाच्या घोड्या 'हरित' आहेत, त्या काही पोपटी नव्हेत. हरिद्रेची हळद झाली, हरिताचा हिरवा. दोघं एकाच घरातले. ग्रीक 'क्लोरॉस'ही याच कुळातला, आणि त्याचाही अर्थ पिवळट हिरवा. त्यावरूनच पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८१८च्या सुमारास हरितद्रव्याला 'क्लोरोफिल' हे नाव पाडलं. म्हणजे पिवळ्या रोपातल्या द्रव्याला 'हरित' म्हणण्यात काही वावगं नाही.

'हरितद्रव्याचं पूर्वद्रव्य' यात द्रव्य दोनदा येतं. कानाला टोचलं तर 'हरितपूर्व द्रव्य' लिहा. प्रोटोक्लोरोफिलाइड मात्र आहे तसंच राहू द्या. त्याची 'आद्यहरितिका' वगैरे करून पोरांना छळू नका.