आजोबांना कॅन्सर आहे हे सांगू नका असं मुलगा म्हणतो, आणि आजोबा मलाच विचारतात. स्टाफ नर्स म्हणून काय करू? (कोल्हापूर)

ताई, खोटं बोलू नका आणि निदानही स्वतः सांगू नका. ते डॉक्टरांचं काम. मधे बरीच जागा आहे. "सिस्टर, मला नेमकं काय झालंय?" असं विचारलं की आधी विचारा, "डॉक्टर काय म्हणाले? तुम्हाला सगळं ऐकायचं आहे का?" काही जण सरळ म्हणतात, "पोराला सांगा, मला नको." तोही त्यांचा हक्कच. ऐकायचं आहे म्हणाले, तर त्याच ड्युटीत डॉक्टरांना कळवा आणि आजोबांचे शब्द नर्सिंग नोट्समध्ये लिहा. तोंडी निरोप शिफ्ट बदलली की हरवतो.

मुलावर चिडू नका. कागल असो की गडहिंग्लज, आपल्याकडं पेशंटमागं निम्मं गाव येतं, आणि "ते खचतील" ही भीती खरीच असते. त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगा, की केमोच्या वॉर्डात गेल्यावर शेजारच्या कॉटवरूनच आजोबांना कळेल. ते घरच्यांकडून कळलेलं बरं नाही का?

संमतीपत्रावर मात्र तडजोड नको. शुद्धीवर असलेल्या, समजउमज शाबूत असलेल्या सज्ञान पेशंटऐवजी मुलाची सही चालत नाही. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं, भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला आईनं दिलेली संमतीसुद्धा ग्राह्य धरली नाही, कारण जिवावरची तातडी नव्हती. म्हणून आजोबांना काहीच माहीत नसताना फॉर्म पुढं आला, तर सही घेऊ नका, डॉक्टरांना बोलवा. त्यांनी टाळलं तर मेट्रनकडं जा, लेखी.