वडील आयसीयूत आहेत, व्हिटॅमिन डी ७ आलं आहे. आधीच इंजेक्शन दिलं असतं तर ही वेळ टळली असती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणाऱ्या ताईंचे वडील ६४ वर्षांचे, हिंगोली जिल्ह्यातले शेतकरी. न्यूमोनियामुळे नऊ दिवसांपासून व्हेंटिलेटरवर आहेत. रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ७ आलं. शेजारच्या पेशंटचे नातेवाईक म्हणाले, "डीचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन वेळेवर दिलं असतं तर इथपर्यंत आलंच नसतं." ताई विचारतात, आमचं चुकलं का, आणि आता इंजेक्शनसाठी डॉक्टरांच्या मागे लागू का?

ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. आधी हे वाचा आणि मग पुढचं.

मी नांदेडला एका आयसीयूत फिजिशियन आहे. हिंगोली, परभणी, पुसद, उमरखेड, पार आदिलाबादपासून पेशंट येतात. कुणाचं व्हिटॅमिन डी तपासायला पाठवलं तर बहुतेक वेळा ते कमीच येतं. २० च्या खाली म्हणजे कमी, १२ च्या खाली म्हणजे फारच कमी, असा साधारण हिशेब आहे. तुमच्या वडिलांचा ७ हा आकडा आम्हाला नवा नाही. पण बाहेर बाकड्यावर बसलेल्या लेकीच्या हातात तो कागद पडला की तिला वाटतं, दुखणं सापडलं आणि आपल्यामुळेच ते राहून गेलं. शेजारच्या नातेवाइकाने ते वाक्य कळवळ्यानेच म्हटलं असेल, पण ते खरं नाही.

व्हिटॅमिन डी रक्तात एकटं फिरत नाही. ते एका प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं. जंतुसंसर्ग अंगभर पसरला की हे प्रथिन कमी पडतं, रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, त्यात आम्ही लिटर-लिटर सलाईन सोडतो आणि रक्त पातळ होतं. त्यामुळे आठ-दहा दिवसांपूर्वी जो आकडा असता, त्यापेक्षा आता तो खालीच दिसणार. मोंढ्यात गाड्याच कमी आल्या तर आवक घटलेली दिसते, तेवढ्यावरून शिवारात पीकच नाही असं कुणी म्हणत नाही. म्हणजे ७ मधला काही भाग आजारानेच खाली ओढलेला आहे. जितका आजार मोठा, तितका आकडा खाली. म्हणूनच ज्यांचं डी कमी त्यांच्यात मृत्यू जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसतं आणि लोक त्याचा अर्थ उलटा लावतात.

आता तुम्ही म्हणाल, पण बाबा तर जन्मभर उन्हात राबले. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. एका म्हाताऱ्या आजींनी तर थेट माझा हात धरून विचारलं होतं, "डॉक्टर, उन्हात कातडं जाळलं माझ्या मालकानं, अन् उन्हाचंच जीवनसत्त्व कमी कसं काय यायलंय?" उत्तर असं की आपला शेतकरी उन्हात असतो, पण त्याची कातडी उन्हात नसते. डोक्याला रुमाल, पूर्ण बाहीचा सदरा, धोतर किंवा पायजमा. कापूस वेचणाऱ्या बाया तर हातापायाला कापड गुंडाळून, तोंडावर पदर घेऊन जातात, आणि त्यांनी तसं जायलाच हवं. रंग सावळा असला की तेवढंच डी तयार व्हायला जास्त वेळ लागतो. वय झालं की कातडीची ताकद निम्म्याहून खाली येते. आणि खाण्यात काय असतं? भाकरी, वरण, ठेचा, अंबाडीची भाजी. हे चांगलं अन्न आहे, पण त्यात डी जवळपास नाही. ते मिळतं अंड्याच्या बलकात आणि तेलकट समुद्री माशांत, आणि असे मासे आपल्याकडे कुठे येतात?

म्हणजे वडिलांचं डी आधीही थोडं कमी असेल. ते मान्य. पण मग इंजेक्शन दिलं असतं तर?

हे तपासून पाहिलेलं आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात आयसीयूतल्या, डी कमी असलेल्या ४९२ पेशंटवर एक अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना तोंडाने किंवा नळीतून ५ लाख ४० हजार युनिटचा एकच मोठा डोस आणि पुढे दर महिन्याला ९० हजार, बाकीच्यांना खोटं औषध. दवाखान्यातला मुक्काम दोन्हीकडे सारखाच, २० दिवसांच्या आसपास. मात्र ज्यांचं डी १२ किंवा त्याहून कमी होतं, त्यांच्यात औषधवाल्या गटात दवाखान्यातले मृत्यू कमी दिसले: ४६ टक्क्यांऐवजी सुमारे २९. आम्हा सगळ्यांना आशा वाटली. मलाही वाटली, खोटं कशाला सांगू. मी स्वतः तेव्हा बऱ्याच पेशंटना नळीतून डी द्यायला लागलो होतो.

मग २०१९ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. तोच ५ लाख ४० हजारांचा डोस, डी कमी असल्याची खात्री झालेले १०७८ पेशंट. रक्तातला आकडा तिसऱ्या दिवशी झटकन वर गेला, म्हणजे औषध अंगी लागलं. पण ९० दिवसांत डी घेतलेल्यांपैकी २३.५ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी २०.६ टक्के. फायदा शून्य. आधी जिथे आशा दिसली होती, त्या फारच कमी आकड्याच्या पेशंटमध्येसुद्धा फायदा दिसला नाही. कोविडच्या काळात आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर डीची पुडी होती, आठवत असेल. ब्राझीलमध्ये कोविडच्या २४० पेशंटवर दोन लाख युनिटचा एक डोस देऊन पाहिला, त्यांचाही दवाखान्यातला मुक्काम कमी झाला नाही.

आकडा सुधारला, माणूस सुधारला नाही. कारण अशा वेळी त्याला आडवं पाडलेलं असतं फुप्फुसातल्या जंतूंनी. त्यात दंडात किंवा कंबरेत दिलेलं तेलकट इंजेक्शन हळूहळूच रक्तात उतरतं, आठवडे लागतात. आजची लढाई आज लढायची असते. तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं नाही म्हणून ते हलगर्जी ठरत नाहीत. आणि कुणी दिलं, तर तेही चूक करतात असं मी म्हणणार नाही, एका डोसाने सहसा अपाय होत नाही.

पण पुन्हा पुन्हा दिलं तर होतो. साधारण सत्तरीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते, बरळत होते, पोट आठ दिवस साफ नाही, उलट्या, लघवी खूप. मुलगा म्हणाला अर्धांगवायू असेल. कॅल्शियम पाहिलं तर १४, म्हणजे फारच जास्त, किडनी निम्मी बसलेली. विचारत गेलो तेव्हा कळलं, गुडघेदुखीसाठी त्यांना वर्षभर जवळपास दर महिन्याला डीचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन मिळत होतं आणि वर रोज कॅल्शियमची गोळी. दुखायचं, ते जायचे, टोचून यायचे. कुणी एकदाही कॅल्शियम तपासलं नव्हतं. ते वाचले, पण तीन आठवडे गेले आणि मुलाने बैल विकले. तेव्हापासून कुणी "ताकदीचं इंजेक्शन द्या" म्हटलं की मी आधी विचारतो, याआधी किती झाली? तुम्हीही वडिलांच्या जुन्या चिठ्ठ्या पाहा आणि अशी इंजेक्शनं झाली असतील तर डॉक्टरांना सांगा. टीबी असेल किंवा होऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण टीबीत डी दिल्यावर काही वेळा कॅल्शियम भलतंच वाढतं.

आयसीयूत डीकडे लक्ष द्यावंच लागतं असे पेशंटही आहेत. कॅल्शियम खरोखर खाली गेलेले, त्यामुळे आकडी किंवा हातापायांना वाक येणारे, वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खाणारे, किडनीचे जुने रुग्ण, मोठं भाजलेले. इथे एक गोष्ट: साध्या रिपोर्टमध्ये आयसीयूतल्या पेशंटचं कॅल्शियम बहुधा कमी दिसतं, कारण अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, कमी असतं. खरं कॅल्शियम एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू तपासणाऱ्या, मशीनवर कळतं. तेवढं विचारा: "एबीजीत कॅल्शियम कसं आहे?"

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, मागे लागू का? लागा, पण दुसऱ्या गोष्टींसाठी. नळीतून दूध, पावडर किती मिळते आणि ती पचते का. फिजिओथेरपी रोज होते का, कारण नऊ दिवस पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने झिजतात. पाठीवर जखम होऊ नये म्हणून कूस बदलतात का. व्हेंटिलेटर कमी करायचा प्रयत्न कधी आहे. आणि भेटायला सोडतील तेव्हा त्यांच्याशी बोला, गावाकडचं बोला. डोळे मिटलेले असले तरी बोला.

घरी आल्यावर मात्र डी विसरायचं नाही. हाडं, स्नायू आणि पुन्हा पायावर उभं राहणं, यासाठी ते लागतंच. डॉक्टर बहुधा ६० हजार युनिटची पुडी आठ आठवडे लिहून देतील. नंतर दीड-दोन महिन्यांनी, तब्येत सावरल्यावर तपासलेला आकडा खरा धरायचा. आत्ताचा ७ तोवर बाजूला ठेवा.

उन्हाचं म्हणाल तर, सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसवण्याची आपली रीत मायेची आहे, पण डी तयार करणारे किरण तेव्हा जमिनीपर्यंत पोचतच नाहीत म्हटलं तरी चालेल. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते पोचतात. काचेच्या खिडकीतून तर कधीच नाही. हिवाळ्यात अकराच्या सुमाराला अंगणात बाजेवर बंडी काढून, पाठ उन्हाला करून वीस-पंचवीस मिनिटं. चैत्र-वैशाखात हे करू नका. आपल्याकडचं ऊन आजारातून उठलेल्या माणसाला झेपणारं नसतं, तेव्हा पुडीवरच भिस्त ठेवा.

आणि ती पुडी आठवड्यातून एकदाच, दुधात किंवा जेवणानंतर. रोज एक घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत, चिठ्ठीवरचं अक्षर त्यांना कळलं नव्हतं. तुमच्या गावच्या बाजाराचा वार धरा. बाजार भरला की पुडी, एरवी नाही.