बाटलीतली बाग

प्रश्न: मुलांनी दोन लिटरच्या बाटल्या कापून, पोस्टर कलरने रंगवून पुदिना लावला. आठवड्यात रंगाचे पोपडे निघाले, रोपंही कुजली. काय चुकलं?

उत्तर: रोपं कुजली ती पाणी साचून. तळाला 5 मिमीची पाच-सहा भोकं हवीत, तीही बाटलीच्या ‘पायां’च्या, म्हणजे तळाच्या खाली आलेल्या फुगवट्यांच्या टोकाशी. मधला भाग उंच असतो, तिथे पाडून उपयोग नाही. तापवलेला खिळा पकडीत धरून हे काम मोठ्यांनीच करावं. माती दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक, शेणखत एक.

पोस्टर कलर पाण्याने जाणारच. बाटली पॉलिश पेपरने घासा, धुवा, मग अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात द्या. कापलेली कड मध्यम तापलेल्या इस्त्रीवर क्षणभर टेकवली की आत वळते. मुलांची बोटं कापत नाहीत.