डिस्को रेडिओ स्टेशनं एवढी जोरात चालून इतक्या लवकर का बुडाली? आज इंटरनेटवर असं स्टेशन काढलं तर चालेल का?

या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं: शिकागोच्या मैदानावर रेकॉर्ड्स जाळल्या आणि डिस्को संपला. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत, म्हणून लिहितोय. हे चूक आहे.

आधी तारखा बघा. कोमिस्की पार्कवरचा तो प्रकार 12 जुलै 1979 चा. 98 सेंट आणि एक डिस्को रेकॉर्ड आणली की प्रवेश. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात रेकॉर्ड्सचा ढीग उडवला, लोक मैदानात घुसले, व्हाइट सॉक्स या तिथल्या बेसबॉल संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्यानंतर महिन्याभराने, 18 ऑगस्टला, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरावर कोण होतं? शीक हा डिस्को बँड आणि त्यांचं 'गुड टाइम्स'. जुलैत मेलेली गोष्ट ऑगस्टमध्ये पहिली येत नाही. शिवाय ही मोहीम चालवणारा निवेदक स्टीव्ह डाल याची आधीची नोकरी गेली होती ती शिकागोच्या डब्ल्यूडीएआय या रेडिओ स्टेशनने 1978 च्या नाताळात रॉक सोडून डिस्को धरला म्हणून. त्याचा राग समजू शकतो, पण त्या रागाने एखादा अख्खा फॉरमॅट, म्हणजे स्टेशनची ठरलेली शैली, बुडत नाही.

खरी गोष्ट न्यूयॉर्कच्या एफएम 92.3 ची आहे. डब्ल्यूकेटीयू हे तिथलं मवाळ रॉक लावणारं स्टेशन होतं, नाव 'मेलो 92'. ऐकणारे जेमतेम एक टक्का. 24 जुलै 1978 ला संध्याकाळी सहा वाजता ते 'डिस्को 92' झालं. त्याच वर्षअखेरच्या पाहणीत श्रोत्यांमधला वाटा अकरा टक्क्यांच्या पुढे गेला आणि वर्षानुवर्षं पहिलं असलेलं 50,000 वॉटचं डब्ल्यूएबीसी हे स्टेशन मागे पडलं. पाच महिन्यांत! गाणी तर डब्ल्यूएबीसीसुद्धा लावू शकत होतं. मग फरक कुठे पडला?

पहिला फरक एफएमचा. डब्ल्यूएबीसी 770 किलोहर्ट्झवर, मोनो एएम. एफएम स्टिरिओ, 15 किलोहर्ट्झपर्यंत. डिस्कोचा ठेका म्हणजे चारही मात्रांवर बास ड्रम आणि दोन मात्रांच्या मध्ये उघडी हाय-हॅट, म्हणजे ड्रमवरची झांजांची जोडी. ती 'त्स' एएमवर नीट पोचतच नाही. पण एफएमवर तिचाच ताप होतो. अमेरिकेत प्रसारणाआधी 75 मायक्रोसेकंदांचा प्री-एम्फसिस लागतो, म्हणजे वरचे आवाज मुद्दाम वाढवावे लागतात: 10 किलोहर्ट्झला जवळपास 13.7 डेसिबल आणि 15 ला 17 डेसिबल वाढ. हाय-हॅट तिथेच वाजते. साधा लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर गेला की दाबणारं यंत्र) असेल तर प्रत्येक 'त्स'ला तो अख्खं गाणं खाली दाबतो, बास ड्रम धापा टाकायला लागतो. लिमिटर न दाबता नुसतं क्लिपिंग केलं, म्हणजे आवाजाची टोकं छाटली, तर 'त्स'चं 'श्श' होतं. उपाय एकच, वरच्या पट्टीला वेगळा लिमिटर. 1975 च्या ऑर्बन ऑप्टिमॉड 8000 या प्रोसेसरमध्ये तो स्टिरिओ सिग्नल बनवणाऱ्या जनरेटरसकट एका डब्यात आला. प्रोसेसर कितीही चांगला असला तरी त्याच्या आधी 8 किलोहर्ट्झच्या वर दोन-तीन डेसिबल उतरवलेले बरे.

दुसरा फरक डायरीचा, आणि याकडे कुणी बघत नाही. कुठलं स्टेशन किती ऐकलं जातं हे मोजणाऱ्या आर्बिट्रॉन कंपनीची पाहणी तेव्हा कागदी डायरीवर चालायची. आठवडाभर कधी काय ऐकलं ते लोक लिहायचे, आणि घड्याळाच्या एका पाव तासात पाच मिनिटं ऐकलं की स्टेशनच्या खात्यात तो अख्खा पाव तास जमा. आता हिशेब करा. कुणी 6.10 ला रेडिओ लावला. 6.12 ला आठ मिनिटांचं गाणं सुरू झालं, 6.20 ला संपलं. ऐकणाऱ्याने दहाच मिनिटं दिली, पण दोन पाव तास मिळाले. तीन मिनिटांच्या गाण्यांत या दहा मिनिटांत दोन-तीनदा 'आता संपलं' असं वाटतं, आणि प्रत्येक वेळी हात बटणाकडे जातो. म्हणून जाहिराती पाव तासाच्या सीमेवर कधीच ठेवायच्या नाहीत. 20 आणि 50 च्या आसपास उरकायच्या.

तिसरा फरक जोडणीचा, म्हणजे ठेका न तोडता एका गाण्यातून दुसऱ्यात जाण्याचा. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी रेकॉर्ड एका फेऱ्याला 1.8 सेकंद घेते, म्हणजे पाव फेरा जवळपास एक मात्रा. तबकडी फिरती ठेवायची, वर फेल्टचा तुकडा, रेकॉर्ड बोटाने धरून ठेवायची आणि समेवर सोडायची. आठ आवर्तनं, 32 मात्रा, सोळा सेकंद दोन्ही गाणी एकावर एक चालली पाहिजेत. वेग सहा टक्के बदलला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो, त्यामुळे गाणं सुरात बसवायचं तर तीन टक्क्यांच्या आत राहा. पहिल्या मात्रेवर सुई पुन्हापुन्हा मागेपुढे केली की तिथली खाच झिजते आणि हवेवर खरखर येते, म्हणून रोजच्या गाण्यांच्या दोन प्रती लागतात.

आता डब्ल्यूएबीसीने काय केलं ते पाहा. घाबरून त्यांनी डिस्कोची लांबच लांब आवृत्ती लावायला घेतली, कधी एकामागे एक दोन, काही तर आठ मिनिटांच्याही पुढे. उरलेल्या वेळात नेहमीचीच गाणी. जुन्या श्रोत्याला आपलं स्टेशन ओळखू येईना आणि डिस्कोवाल्याला त्यात लय सापडेना. वाटा घसरत गेला, आणि 10 मे 1982 ला त्या स्टेशनवरचं संगीतच बंद झालं. 'लांब गाणी रेडिओवर चालत नाहीत' म्हणणारे याच उदाहरणावर उड्या मारतात. चुकीचा धडा घेतात. डिस्को स्टेशन म्हणजे गाण्यांची यादी नाही, न तुटणारा ठेका आहे. 1979 मध्ये देशभरच्या स्टेशनांनी यादी उचलली आणि ठेका विसरले.

यादीही कुठून यायची? 1975 पासून न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड पूल या डीजेंच्या संघटनेत क्लबमधल्या डीजेंना नव्या रेकॉर्ड फुकट मिळायच्या. मोबदल्यात कोणत्या गाण्यावर लोक नाचले आणि कोणत्यावर खाली बसले ते लिहून द्यायचं. रेडिओने हे कागद वाचणं सोडलं आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिराती वाचल्या, तिथे माती खाल्ली.

डब्ल्यूकेटीयूने पुढे नावातला 'डिस्को' काढला. 1981 ला 98.7 वर डब्ल्यूआरकेएस हे स्टेशन आलं आणि मिक्सचा कार्यक्रम त्यांनी मनापासून केला. डीजे शेप पेटिबोनची मिक्स तिथेच गाजली. 1983 ला झी-100 हे आणखी एक प्रतिस्पर्धी स्टेशन आलं. 1985 च्या जुलैत 92.3 पुन्हा रॉक झालं. केटीयू हे नाव 1996 ला 103.5 वर परतलं, तेही नाचाचीच गाणी घेऊन.

इंटरनेटचं म्हणाल तर प्री-एम्फसिसची कटकट नाही, पण 64 केबीपीएसच्या एमपी3 वर हाय-हॅट पाण्यात बुडाल्यासारखी येते. एएसी या फाइल-प्रकारात 128 केबीपीएस धरा. गाणी आपोआप लावणाऱ्या सॉफ्टवेअरमधला तीन सेकंदांचा क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं चढवणं) बंद करून प्रत्येक गाण्याची सम हाताने खुणावा. भारतातून चालवणार असाल तर ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल आणि शब्द-चालीसाठी आयपीआरएस, या दोन्ही संस्थांचे परवाने आधी बघा. ऐकणारे किती येतील, ते तुमच्या जोडणीवर.

एक मात्र नोंदवतो: कोमिस्की पार्कमागे काळ्या, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या संगीताबद्दलचा द्वेष होता, तो मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की स्टेशनं बंद झाली ती कार्यक्रम लावणाऱ्यांच्या टेबलावर. आणि वर दिलेला पाव तासाचा हिशेब कागदी डायरीचा आहे, इंटरनेटवर सर्व्हर सेकंद मोजतो, त्यामुळे जाहिरातींच्या जागा नव्याने बसवाव्या लागतील.