बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी हा अमेरिकन रॉक बँड गायिका जॅनिस जॉप्लिनसाठीच उभा केला होता का?

नाही, बँड तिच्या आधीचा. 1965 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाला आणि जॅनिस जून 1966 मध्ये टेक्सासहून येऊन त्यात सामील झाली. तोवर जेम्स गर्ली, सॅम अँड्र्यू, पीटर अल्बिन आणि ड्रमर डेव्ह गेट्झ ही मंडळी तिथल्या डान्स हॉलमध्ये लांबलचक, मुक्त, सायकेडेलिक (नशेतल्या भासांसारखं) रॉक वाजवत होती. 1967 च्या कॅलिफोर्नियातल्या माँटेरी पॉप संगीत महोत्सवात जॅनिस गायली आणि मग पोस्टरवरही तिचंच नाव ठळक व्हायला लागलं.

बँड नुसता तिच्या साथीला नव्हता याची खात्री करायची तर त्यांचा ‘चीप थ्रिल्स’ (1968) हा अल्बम हेडफोन लावून ऐका, त्यातही ‘समरटाइम’. सुरुवातीला दोन गिटार एकमेकींत गुंफत जातात, गाणं उभं राहतं आणि मग कुठे तिचा आवाज येतो. ती मांडणी सॅम अँड्र्यूची. जॅनिसने 1968 च्या शेवटी बँड सोडला तेव्हा सोबत नेला तोही सॅमच, एवढं पुरे! हा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन विक्री-यादीवर आठ आठवडे पहिल्या नंबरवर होता.

एक मात्र खरं, वादनात सफाई कमीच. गिटार कधी बेसूर, ताल कधी सुटलेला. त्या काळच्या समीक्षकांनी त्यावरून झोडपलं, ते अगदीच चूक नव्हतं. मला स्वतःला तो ओबडधोबडपणाच आवडतो. तिच्या नंतरच्या, जास्त तयारीच्या बँडांमध्ये तो सापडत नाही. जॅनिस बँडमध्ये नसताना बिग ब्रदरने 1970 आणि 1971 मध्ये आणखी दोन अल्बम काढले, पण ते फारसे कुणी ऐकले नाहीत.